नऊ सेकंदांनंतरचं काम: नोएडाच्या जुळ्या मनोऱ्यांच्या राडारोड्याचा हिशोब

नोएडाचे जुळे मनोरे पाडायचा खर्च चौरस फुटाला २६७ रुपये, म्हणजे एकंदर वीस कोटींच्या घरात धरला होता. त्यातले बिल्डरनं रोख मोजायचे होते पाचेक कोटी. बाकीचे पंधरा कोटी पाडणाऱ्या कंपनीनं ढिगाऱ्यातून वसूल करायचे, असा सौदा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, बातमीदारानं काहीतरी गफलत केली. काँक्रीटच्या ढिगाऱ्याचे कोण पंधरा कोटी देईल? आपल्याकडे तर तो उचलून न्यायचे उलट पैसे मोजावे लागतात. मग पाठकोऱ्या कागदावर सळईचा हिशोब मांडला आणि आकडा जुळला. या प्रकरणातलं बरंचसं त्या एका हिशोबातूनच उलगडतं, म्हणून सुरुवात तिथून.

२८ ऑगस्ट २०२२ ला दुपारी अडीचच्या सुमारास मनोरे खाली आले. नऊ-दहा सेकंदांत खेळ खल्लास. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं, दुसऱ्या दिवशी कॅमेरे परत गेले. जागेवर उरला सुमारे ८०,००० टन राडारोडा. तिकडची माणसं त्याला मलबा म्हणतात, मुंबईत डेब्रिज, आणि इंजिनिअर मंडळींच्या तोंडी सीअँडडी (कन्स्ट्रक्शन अँड डिमॉलिशन). नाव काहीही द्या, तो उचलायला, फोडायला, वेगळा करायला आणि कुठेतरी नेऊन टाकायला महिने लागतात, आणि ते कुणी थेट प्रक्षेपणात दाखवत नाही. हा लेख त्या महिन्यांबद्दल आहे.

पाडायची वेळ का आली

हा भाग बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नोएडाच्या सेक्टर ९३-ए मध्ये सुपरटेक कंपनीची एमराल्ड कोर्ट नावाची सोसायटी आहे. तिच्या मोकळ्या जागेत कंपनीनं एपेक्स आणि सियान असे दोन मनोरे चढवले. एक ३२ मजली, दुसरा २९ मजली, उंची शंभर मीटरच्या आसपास, दोन्ही मिळून ९१५ फ्लॅट. दोन इमारतींमध्ये किमान १६ मीटर अंतर हवं असताना शेजारच्या राहत्या इमारतीपासून इथे सुटलं होतं ९ मीटर. रहिवासी कोर्टात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयानं ११ एप्रिल २०१४ ला पाडायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०२१ ला तो कायम केला. ग्राहकांचे पैसे १२ टक्के व्याजासह परत करायचे, रहिवासी संघाला दोन कोटी द्यायचे आणि मनोरे स्वतःच्या खर्चानं पाडायचे.

पाडायचं काम मिळालं मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंगला, जोडीला दक्षिण आफ्रिकेची जेट डिमोलिशन. याच जोडीनं जानेवारी २०२० मध्ये कोचीजवळच्या मरडूमध्ये बेकायदा इमारती पाडल्या होत्या. देखरेखीला रुडकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था. एप्रिल २०२२ मध्ये छोटा चाचणी स्फोट झाला, तेव्हा कळलं की सांगाडा धरला होता त्यापेक्षा जास्त मजबूत आहे. स्फोटकं वाढवावी लागणार, वेळही. मेची तारीख ऑगस्टवर गेली. शेवटी ३,७०० किलोंच्या आसपास स्फोटकं साडेनऊ हजारांवर भोकांमध्ये भरली गेली.

बेकायदा बांधकाम, पण काँक्रीट उत्तम. कायदा मोडणाऱ्यांनी सिमेंटमध्ये मात्र हात आखडता घेतला नव्हता. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे लक्षात ठेवायला हवं.

एका चौरस फुटाचं वजन

दोन्ही मनोऱ्यांचं मिळून बांधकाम क्षेत्र सुमारे साडेसात लाख चौरस फूट. ८०,००० टनांना त्यानं भागलं की दर चौरस फुटाला शंभर किलोंहून थोडं जास्त येतं. हा आकडा मला फार उपयोगी वाटतो, कारण तो खिशात घालून घरी नेता येतो. तुमचं सहाशे फुटांचं वन बीएचके असेल तर तुमच्या नावावर साठेक टन राडारोडा उभा आहे. भिंतींना रंग लावला आहे, खिडकीला ग्रिल आहे, म्हणून आज त्याला घर म्हणतात. दहा टनी डंपरच्या सहा-सात खेपा, एका घराच्या. चोवीस घरांची साधी सोसायटी पुनर्विकासाला गेली की दीड हजार टन.

२०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टनांवर राडारोडा काढणाऱ्यानं तो जागेवरच वेगळा करायचा: काँक्रीट एकीकडे, माती एकीकडे, लोखंड-लाकूड-प्लास्टिक एकीकडे आणि विटा-प्लास्टर एकीकडे. आराखडा आधी पालिकेला द्यायचा. म्हणजे ही चोवीस घरांची सोसायटी त्या नियमात आरामात बसत होती. ‘आम्ही काय सुपरटेक आहोत का’ हा युक्तिवाद चालत नाही. प्रत्यक्षात चालतो, हे वेगळं सांगायला नको.

नोएडाच्या ढिगाऱ्याची एक जमेची बाजू मात्र आपल्या सोसायटीला कधीच मिळणार नाही. तिथे कुणी राहायला आलेलंच नव्हतं. काम अर्धवट थांबलेलं. तीस वर्षांच्या वापरातले फरशीचे थर, पीओपी, वाळवी लागलेल्या चौकटी, थर्माकोल, सिंटेक्सच्या टाक्या, गच्चीवरचा डांबराचा थर यातलं काहीही नाही. शिवाय स्फोटाआधीच आतल्या विटांच्या भिंती, दारं-खिडक्या, वायरिंग काढून घेतलं होतं. उभा होता तो जवळजवळ निव्वळ आरसीसीचा सांगाडा. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या माणसाला स्वप्नात दिसावा असा माल.

तरीही स्फोटानं त्यात थोडी घाण मिसळलीच. उडणारे तुकडे अडवण्यासाठी कॉलमना तारेची जाळी आणि जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलेलं असतं. जाळी नंतर चुंबकाला लागते, कापड लागत नाही. ते क्रशरच्या पट्ट्यावर चिंध्या होऊन येतं आणि कुणीतरी हातमोजे घालून ते वेचत बसतं. मजल्यागणिक वरून खाली यंत्रानं तोडत आले असते तर माल अधिक स्वच्छ निघाला असता, पण त्याला दीड-दोन वर्षं लागली असती, तीही राहत्या इमारतीपासून नऊ मीटरवर. स्फोट निवडला हे बरोबरच होतं. फक्त त्याची किंमत ढिगाऱ्याच्या प्रतवारीत भरावी लागते, एवढंच.

पाच टक्के लोखंड, तीन चतुर्थांश पैसे

आता तो सळईचा हिशोब. ढिगाऱ्यातून सुमारे ४,००० टन लोखंड निघेल असा अंदाज होता. वजनानं पाहिलं तर पाच टक्के. भंगाराचा भाव किलोला चाळीस रुपयांच्या आसपास धरा. चाळीस लाख किलो गुणिले चाळीस, सोळा कोटी. झाले की पंधरा कोटी वसूल.

ढिगाऱ्यावर सगळ्यात आधी हात पडतो तो म्हणूनच सळईवर. पोकलेनला ब्रेकर लावून काँक्रीटचे धोंडे ठोकत जायचं. धोंडा फुटला की आतली सळई केसांसारखी बाहेर येते. ती ओढायची, गॅस कटरनं कापायची, चिकटलेलं काँक्रीट झटकायचं, मोळ्या बांधायच्या. ठराविक मजल्यांवरच स्फोटकं भरलेली असतात. मधले मजले पडतात ते बरेचदा अख्खे स्लॅब म्हणून, एकावर एक, थालीपिठांच्या चळतीसारखे. ते सोडवण्यात खरा घाम निघतो, आणि आवाज किती होतो ते शेजारच्या इमारतीतल्या माणसांना विचारा.

काँक्रीट आणि लोखंड वेगळं करणं किती चिवट काम आहे याचा दाखला पुणेकरांनी पाचच आठवड्यांनी पाहिला. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातला पूल सुमारे ६०० किलो स्फोटकांनी उडवला. काँक्रीट फुटलं, सळईनं मात्र सांगाडा धरून ठेवला. उरलेला पूल मग यंत्रांनी ओढून पाडावा लागला.

लोखंडाचं बरं असतं. वितळवलं की पुन्हा पहिल्यासारखं. भट्टीतून परत सळईच निघते, तिच्या आधीच्या आयुष्याचा डाग राहत नाही. फक्त एक आडवाट आहे: वाकलेली सळई भट्टीत न घालता ठोकून सरळ करायची आणि छोट्या घरांच्या कामाला स्वस्तात विकायची. टीएमटी सळईचं बाहेरचं कवच कडक असतं. एकदा वाकवून परत सरळ केली की वळणावर तिच्यात बारीक तडे राहतात, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. स्वस्त पडते म्हणून घेणारे आहेत. तुमच्या स्लॅबसाठी घेऊ नका.

सळई गेली की धंद्याचा जीव गेला. उरलेले पंच्याण्णव टक्के ओझं.

तळघराचा खड्डा

मंजूर आराखड्यानुसार उरलेल्याचे दोन भाग झाले. साधारण ५०,००० टन राडारोडा जागेवरच, मनोऱ्यांखालच्या तळघरांच्या भरावाला वापरायचा, आणि २८ ते ३० हजार टन नोएडाच्या सेक्टर ८० मधल्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा.

पन्नास हजार टन खड्ड्यात घालणं म्हणजे पुनर्प्रक्रिया का, यावर माझा एका मित्राशी चांगलाच वाद झाला. त्याचं म्हणणं, ही धूळफेक आहे. सगळ्यात मोठा वाटा पुरला आणि नाव पुनर्वापराचं. मला तसं वाटत नाही. तो खड्डा भरायचाच होता. राडारोडा बाहेर नेऊन टाकायचा आणि बाहेरून माती-मुरूम आणायचा, तर वीस टनी डंपरच्या अडीच हजार खेपा जायच्या आणि तितक्याच यायच्या, राहत्या वस्तीच्या रस्त्यावरून. त्या सगळ्या वाचल्या. हा पुनर्वापर आहे आणि शहाणपणाचा आहे. पुनर्प्रक्रिया म्हणू नका, इतकंच.

भरावाला फक्त शिस्त लागते. धोंडे तसेच ढकलले की मधे पोकळ्या राहतात, पावसाचं पाणी बारीक माल खाली वाहून नेतं आणि चार वर्षांनी वरची जमीन बसते. फोडून, थराथरानं पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून दबाई करावी लागते. आणि पुढे कधी कुणाला तिथे पाया खणायचा झाला तर हेच काँक्रीट पुन्हा एकदा वर येणार आहे.

शंभर दिवसांचं दळण

सेक्टर ८० च्या केंद्राची क्षमता तेव्हा दिवसाला ३०० टन. ते चालवते री सस्टेनेबिलिटी, म्हणजे पूर्वीची रामकी. तीस हजार भागिले तीनशे, शंभर दिवस. तेसुद्धा शहराचा रोजचा एकही डंपर आत न घेता. जागा मोकळी करायला मुदत होती तीन महिन्यांची. हिशोब कागदावरच तंग होता. अर्थात डंपर येऊन केंद्राच्या आवारात माल ओतून जाऊ शकतात, जागा रिकामी दिसते, कागद पूर्ण होतो. पण तेव्हा फक्त ढिगाऱ्याचा पत्ता बदललेला असतो.

त्यात हे तीन महिने म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. दिल्लीच्या हवेचा सगळ्यात वाईट काळ इथे सुरू होतो. २९ ऑक्टोबर २०२२ ला राजधानी परिसरात प्रदूषण रोखण्याच्या निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला. या टप्प्यात धूळ उडवणाऱ्या बांधकाम-पाडकामांवर निर्बंध येतात. मुदत आखणाऱ्यांच्या समोर कॅलेंडर असतं, पण त्या कॅलेंडरवर वाऱ्याची दिशा छापलेली नसते.

केंद्रात काय होतं? डंपर आधी वजनकाट्यावर चढतो. ही पावती फार मोलाची: किती टन निघाले आणि किती टन पोचले, याचा तोच एक पुरावा. मग माल ओततात, मोठे धोंडे ब्रेकरनं फोडतात, लाकूड-प्लास्टिक-चिंध्या हातानं वेचतात. तिथून जॉ क्रशर. दोन जबडे, त्यातला एक हलतो, सुपारी फोडावी तसा धोंडा फुटतो. पट्ट्यावर चुंबक उरलीसुरली तार ओढून घेतो. मग दुसरा क्रशर, मग हलत्या चाळण्या: वीस मिलीमीटर, दहा मिलीमीटर, खाली कच. ओल्या पद्धतीत हे सगळं धुतात. मातकट पाणी टाकीत निवळतं, तळाचा गाळ दाबून त्याच्या वड्या काढतात, वरचं पाणी परत वापरतात. शेवटी हातात येते खडी, रेतीसारखा बारीक माल आणि त्यापासून पाडलेले पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन, फरशा.

एक खडा हातात घ्या

खाणीतून आलेली काळी खडी आणि फोडलेल्या काँक्रीटची खडी शेजारी शेजारी ठेवा. काळीचे कोपरे धारदार, अंग एकसारखं. दुसरीचा एखादा पैलू काळाभोर दिसतो आणि बाकी अंगावर राखाडी पपडी: जुना सिमेंट-वाळूचा थर. नखानं खरवडला तर थोडी भुकटी निघते. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काळीवर तो मण्यासारखा थांबतो आणि घसरतो. राखाडीवर बघता बघता नाहीसा होतो.

सगळी अडचण त्या थेंबात आहे. दोन्ही खड्या रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी फडक्यानं वरून कोरड्या करा आणि वजन करा. खाणीच्या एक किलो खडीनं दहा-पंधरा ग्रॅम पाणी घेतलेलं असेल. राडारोड्याच्या खडीनं चाळीस, पन्नास, कधी त्याहून जास्त. आता हीच कोरडी खडी मिक्सरमध्ये गेली की मिश्रणातलं पाणी ती पिऊन टाकते. काँक्रीट घट्ट येतं, स्लॅबवर पसरेना. मिस्त्री काय करतो? पाइप उचलतो. हातानं घातलेलं ते पाणी मोजलेलं नसतं, ताकद घसरते, अठ्ठावीस दिवसांनी क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेला नमुन्याचा ठोकळा, फेल जातो आणि खापर फुटतं राडारोड्याच्या खडीवर. उपाय सोपा आहे. खडी आदल्या दिवशी भिजवून ठेवायची किंवा ती किती पाणी पिणार ते आधी मोजून मिश्रणात धरायचं. आपल्या किती साइटवर खडी वापरण्याआधी भिजवतात? विटासुद्धा नीट भिजवत नाहीत.

भारतीय मानक आयएस ३८३ नं २०१६ च्या आवृत्तीत या मालाला अधिकृत दार उघडलं, पण जपून. एम-१५ (एम म्हणजे काँक्रीटची प्रत; पुढचा आकडा मोठा तितकी ताकद जास्त) च्या खालच्या साध्या बेडच्या काँक्रीटमध्ये काँक्रीट फोडून काढलेली खडी शंभर टक्के चालते. त्यावरच्या सळईविना काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत. आरसीसीत फक्त २० टक्के, आणि तेही एम-२५ पर्यंतच. शंभर मीटर उंच इमारतीच्या खालच्या कॉलमचं काँक्रीट एम-२५ च्या चांगलंच वरचं असतं. म्हणजे कॉलमचा पुन्हा कॉलम होत नाही. त्याचा फूटपाथ होतो.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती पर्यावरणाच्या भाषणांतून सहसा गळते. काँक्रीट दळून आपण दगड परत मिळवतो, सिमेंट नाही. एक टन सिमेंट बनवताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, चुनखडी भाजताना आणि भट्टी पेटवताना. तो हिशोब मनोरा बांधला त्याच दिवशी झाला. नवा पेव्हर ब्लॉक पाडायला नवं सिमेंटच घालावं लागतं. डोंगर वाचतो, नदीची वाळू वाचते, डंपिंगची जागा वाचते. हे कमी नाही. पण ‘इमारतीची इमारत झाली’ असं जे म्हणतात ते खरं नाही.

चाळीस किलोमीटरचा फूटपाथ

समजा, केंद्राकडे गेलेल्या २८,००० टनांचे निव्वळ पेव्हर ब्लॉक पाडले. साठ मिलीमीटर जाडीच्या ब्लॉकचं वजन चौरस मीटरला १३५ किलोंच्या आसपास. म्हणजे दोन लाखांवर चौरस मीटर, पाच मीटर रुंदीचा चाळीसेक किलोमीटर रस्ता. प्रत्यक्षात ब्लॉकमध्ये सिमेंट आणि इतर मालही असतो, तेव्हा लांबी अजून वाढेल. हे एका पाडकामाचं, त्यातल्याही तिसऱ्या हिश्शाचं. शहर रोज पाडतं आहे. इतके फूटपाथ कोण घेणार?

खासगी बिल्डर घेत नाही. त्याचा आर्किटेक्ट नाक मुरडतो, ग्राहकाला ‘भंगाराची वीट’ आवडत नाही, आणि दरातला फरक इतका नसतो की कुणी भांडण विकत घ्यावं. राडारोडा जड आणि स्वस्त. वीस-पंचवीस किलोमीटर ओढला की भाड्यातच नफा संपतो. ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) भाषेत सांगायचं तर हे तीस हजार टन म्हणजे सातेक हजार ब्रास. खडी पुरवणाऱ्याला विचारा, तो दर सांगायच्या आधी अंतर विचारेल.

राहिलं सरकार. २०१६ च्या नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कामांत असा माल काही टक्के वापरणं बंधनकारक करावं असं होतं, आणि ‘काही’ म्हणजे किती, तर कंसात ‘समजा, १० ते २० टक्के’. कायद्यात ‘समजा’ हा शब्द मी पहिल्यांदाच पाहिला. निविदा काढणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ‘समजा’चं काय करायचं ते कळायचं नाही. तो ती ओळ वगळायचा आणि दरसूचीत असलेलीच खडी लिहायचा.

तरी दिल्लीकडे हा धंदा महाराष्ट्राच्या आधी उभा राहिला, त्याला कारण आहे. दिल्लीतल्या बुराडीचं राडारोडा प्रक्रिया केंद्र २००९ सालचं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाच्या फरीदाबाद, गुडगाव, मेवात भागात अरवलीतल्या खाणकामावर बंदी घातली. जवळचा दगड महाग झाला की ढिगाऱ्यातला दगड दिसायला लागतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची विस्तारित इमारत उभी राहिली, तीत राडारोड्यापासून बनवलेले ठोकळे लाखोंनी वापरले. दोन वर्षांनी त्याच न्यायालयानं मनोऱ्यांचा निकाल दिला.

आपल्याकडे पायाखाली काळ्या पाषाणाचा डोंगर. प्रत्येक गावाबाहेर एक खाण, खाणीला लागून क्रशर. इतका चांगला दगड इतक्या जवळ असताना जुन्या काँक्रीटकडे कोण बघेल? मुंबईला जाग आली ती जागेच्या टंचाईनं. डंपिंग ग्राउंडच्या प्रश्नावर उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये नव्या बांधकामांना रोखलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई सशर्त सैल केली आणि अट घातली ती राडारोडा ठरलेल्या जागीच नेण्याची. आज महापालिकेसाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळच्या डायघरला दिवसाला सहा-सहाशे टनांची दोन केंद्रं आहेत, फोन केला की डेब्रिज उचलून नेण्याची सोय आहे. तरी रात्री दोन वाजता खाडीकाठी दिवे बंद करून उभा असलेला डंपर कुणी पाहिला नाही असं नाही.

२०२५ मध्ये २०१६ च्या नियमांच्या जागी नवे नियम अधिसूचित झाले, लागू १ एप्रिल २०२६ पासून. मोठ्या प्रकल्पांच्या बिल्डरवर आता राडारोड्याची जबाबदारी टाकली आहे. मर्यादा २०,००० चौरस मीटर बांधकामाची. नोएडाचे मनोरे त्यात तीनदा बसले असते. आमच्यासारख्या सोसायट्या बसत नाहीत.

आमची सोसायटी चोवीस घरांची, पुनर्विकासाच्या रांगेत. कराराच्या मसुद्यात राडारोड्यावर एकच वाक्य आहे: पाडकामातून निघणारं सर्व साहित्य विकासकाच्या मालकीचं राहील व त्याची विल्हेवाट तो नियमानुसार लावेल. वाक्यात काही चूक नाही. मी समासात पेन्सिलनं लिहिलं: १,५०० टन, त्यात तीन टक्केच सळई धरली तरी ४५ टन. त्याखाली आजचा भंगाराचा भाव. आणि त्याखाली, वजनकाट्याच्या पावत्या सोसायटीकडे जमा कराव्यात. सेक्रेटरींनी मसुदा परत घेताना ते वाचलं, मान हलवली. पुढच्या सभेचा विषय पार्किंग आहे.